एकशे अठ्ठ्याऐंशी लाल ठिपके

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवला तर मलाच वाईट वाटेल. पण सायखेड्याच्या टपालातला मी निवृत्त पोस्टमन झुंबर, इंग्रजीत सही करताना आजही जीभ बाहेर काढणारा, मी तीन दिवसांत इंटरनेटवरची एकशे अठ्ठ्याऐंशी हरवलेली पानं हुडकून काढली.

परवा तिडके कॉलनीतल्या झेरॉक्सच्या दुकानात बसून मी हेच सांगत होतो. ऐकायला धनराज होता, दिंडोरीचा द्राक्षवाला, कोर्टाच्या जाडजूड फायलीच्या प्रती काढायला आलेला. मशीनवर पल्लवी उभी होती, माझी पुतणी. गोष्ट तिचीच. पण माझ्या गोष्टी ती ऐकत नाही, लहानपणीच ऐकून ऐकून तिचे कान किटलेत, असं मी धरून चाललो होतो.

दोन हजार तीन साल. पल्लवी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. कंपनीनं शीतगृहांसाठी सॉफ्टवेअर केलं होतं आणि ते कसं वापरायचं याचं पुस्तक कॉम्प्युटरवरच होतं. त्या पुस्तकात जागोजागी निळे शब्द. शब्द दाबला की इंटरनेटवरचं एखादं पान उघडणार. गॅस गळला तर काय करावं, तापमान उतरलं नाही तर काय करावं. पण पानं दुसऱ्यांची. लोक पान हलवतात, मोडतात, जाताना शेजाऱ्याला सांगूनही जात नाहीत. चारशे बारापैकी एकशे अठ्ठ्याऐंशी शब्द दाबले तर काहीच उघडेना. कायम उघडायचं ते एक कंपनीच्या साहेबांचं स्वतःचं पान. त्यावर साहेब शाल-श्रीफळ घेताना हसतायत.

साहेबांनी पल्लवीला सांगितलं, सोमवारी गिऱ्हाईक बघायला येणार. तोवर पुस्तक दुरुस्त झालं तर तू पक्की. नाही झालं तर तुझे सहा महिने भरलेच आहेत.

माझा भाऊ गेल्यावर त्या घरात कमावणारी ती एकटी. आणि शुक्रवारी तिचे डोळे आले.

"शुक्रवारीच?" धनराज म्हणाला.

"डोळ्यांना काय वार कळतो? लालबुंद. पडद्याकडं बघितलं की धारा. कंपनीत कोण घेणार तिला तसल्या डोळ्यांनी? हे दुकान तेव्हा सायबर कॅफे होतं. इथंच बसलो दोघं. ती काळा चष्मा लावून शेजारी. म्हणाली, नाना, तुम्ही वाचा, मी सांगते."

काम सोपं होतं. डावीकडं जुना पत्ता, उजवीकडं नवा लिहायचा. मग एक तपासनीस चालवायचा, म्हणजे तोही कॉम्प्युटरच. पान उघडलं तर हिरवा ठिपका, नाही उघडलं तर लाल. दार उघडतंय का, एवढंच तो बघायचा. आत कोण राहतं ते विचारायचा नाही. मला आमच्या पोस्टमास्तरांची आठवण झाली.

"पण नाना, घर बंद दिसलं तर काय करायचा तुम्ही?" धनराजनं विचारलं. "सायखेड्यात म्हणतो मी."

"बंद घराचं पत्र मी जन्मात परत पाठवलं नाही. नवसाबाईच्या किराणा दुकानात ठेवायचं. मीठ-मिरचीला सगळं गाव तिथं येतंच, ज्याचं त्यानं न्यावं. चौतीस वर्षांत एक तक्रार नाही."

"तक्रारीची पत्रंबी तिथंच पडली असतील."

मी तिकडं लक्ष दिलं नाही. इंटरनेटला नवसाबाई नाही, असं मी त्याला सांगितलं. तिथं शेजारीपाजारी विचारत जावं लागतं. शुक्रवारी दिवसभरात अकरा पानं सापडली. संध्याकाळी तपासनीस चालवला तर अकरा हिरवी झाली आणि सकाळी हिरवी असलेली चार लाल. पुढचं पाठ, मागचं सपाट. पल्लवी म्हणाली, नाना, ही मरायची थांबत नाहीत हो. मी म्हटलं, पोरी, गावंसुद्धा उठतात.

"एका पानाचा माग काढत मी डेन्मार्कला पोचलो," मी धनराजला म्हणालो. "पाटी होती, मालक निवृत्त. मी शनिवारी सकाळी पोस्टकार्ड टाकलं. ते गेलं तिथल्या एका म्हाताऱ्या पोस्टमनच्या हातात. अक्षर बघूनच त्यानं ओळखलं की हा आपल्यातला. रविवारी दुपारी नव्या पत्त्यासकट उत्तर हजर."

"डेन्मार्कहून? रविवारी?" धनराज म्हणाला. "माझ्या मेव्हण्याची लग्नपत्रिका इगतपुरीहून निघाली ती पोचली तवा त्याला पोरगं झालं व्हतं."

"पोस्टमन पोस्टमनसाठी रविवार बघत नाही."

मशीनचा हिरवा उजेड काचेखालून सरकत होता. पल्लवी एकेक पान उलटत होती.

रविवारी दुपारी तिचे डोळे इतके चिकटले की मी तिला घरी पाठवलं. दारातून वळून म्हणाली, किती राहिले? मी म्हटलं, थोडे. राहिले होते एकशे एकाहत्तर.

"आन् मग?"

"मग काय. संध्याकाळी सहाला तपासनीस चालवला. एक लाल ठिपका नाही. शेताच्या बांधापर्यंत हिरवंगार."

"चार तासांत एकशे एकाहत्तर?"

"हात बसला होता."

"आन् सोमवारी?"

"सोमवारी साहेब खूश. पल्लवी पक्की."

धनराजनं मानेनंच मशीनकडं दाखवलं. "मग ह्या ताई हितं कशा?"

"तिनंच सोडली," मी म्हणालो. "एसी सोसत नव्हता तिला."

मशीन थांबलं. पल्लवीनं प्रतींचा गठ्ठा काउंटरवर आपटून कडा सारख्या केल्या, दोरा बांधला आणि धनराजपुढं सरकवला. मग ती माझ्याकडं न बघता, गिऱ्हाइकाशी बोलतात तसंच बोलली.

"त्या सोमवारी गिऱ्हाइकानं 'तापमान उतरलं नाही तर' दाबलं, साहेबांचा शाल-श्रीफळाचा फोटो उघडला. 'गॅस गळला तर' दाबलं, तोच फोटो. तिसऱ्यांदा दाबलं आणि तो उठून गेला. मी सांगितलं, मीच केलं, डोळे आले होते. संध्याकाळी मला काढलं. मी घरी गेल्यावर तुम्ही एक घर शोधलं नाहीत, नाना. एकशे एकाहत्तर पत्रं नवसाबाईकडं ठेवून आलात."