चिकटणारं नाव

आमच्या नावाच्या पाट्यांच्या दुकानात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे माझ्या कॉम्प्युटरवर.

"सोडा नाव!" काढे विकणारे स्पर्शमहाराज गरजले. मी माऊस सोडला. समोर बसलेल्या बाईंच्या दिवंगत यजमानांचं नाव स्क्रीनवर टुणकन उडी मारून 'नाही'च्या चौकटीला चिकटलं.

"अरे देवा!" गर्दी पुटपुटली. बाईंनी डोळे पुसले. त्यांनी यजमानांना पुन्हा एकदा विचारलं होतं, हृदयाचं ऑपरेशन करू का?

"प्रेमाची लहर आहे ही, माउली! विजेच्या तारेतून येते," महाराज म्हणाले. "डॉक्टरला रामराम ठोका, माझा काढा घ्या." लाईट गेली की प्रेमही जायचं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मला मात्र पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. बाई नवी पाटी करायला आल्या, तेव्हा यजमानांचं नाव मी बाजूला सरकवत होतो आणि ते परत परत बाईंच्या नावाच्या चौकटीला चिकटत होतं. "अजून सोडवत नाही त्यांना," बाई हसल्या. ते हसू मला मोडवेना. मागे उभ्या असलेल्या महाराजांनी मात्र नीट पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून स्क्रीनवर दोन शब्द लिहून घेतले, 'होय' मोकळा आणि 'नाही' चौकटीत. गर्दी वाढली, मालक खूश, मी गप्प. दर वेळी 'नाही' येत गेलं आणि ऑपरेशनची तारीख टळून गेली.

त्या दिवशी बाई उठायला गेल्या आणि धाप लागून खाली बसल्या. ओठ निळे पडले होते. याच बाईंनी मला भूमिती शिकवली होती. मला माझीच लाज वाटली.

"बाई, आता नाव तुम्ही सोडा," मी म्हणालो आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातलं चुंबकाचं चित्र बंद केलं. नाव सोडलं तिथेच राहिलं. चुंबक चालू केल्यावर चिकटलं. मग मी 'होय'भोवती चौकट काढली, नाव तिच्याजवळ नेलं. यजमानांनी लगेच मत बदललं.

"याला स्नॅपिंग म्हणतात. वस्तू चौकटीजवळ आली की सॉफ्टवेअर तिला ओढून कडेला लावतं, मांडणी सरळ यावी म्हणून. बाकी काही नाही."

"लहर बिघडवली!" म्हणत महाराज दाराकडे सरकले.

"तुला आधीच माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"हो, बाई."

"मग हात का वर केला नाहीस?"

मी त्यांना दवाखान्यात न्यायला रिक्षा आणायला धावलो.

ऑपरेशन झालं, बाई वाचल्या. पण डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आणायला हवं होतं. बाईंना आता जिना चढवत नाही.

म्हणून सांगतो, एखादी वस्तू आपोआप हलली तर हात जोडण्याआधी विचारा, का हलली? आणि ज्याला कारण ठाऊक आहे, त्यानं हात वर करावा. मी वेळेवर केला नाही.