तनुजाच्या डाव्या पायातली शीर

मी तनुजाच्या डाव्या मांडीतली शीर बोलतेय, आणि चिडून बोलतेय. पायातलं रक्त वर काळजाकडं नेणं हे माझं काम. ते मी तिच्या जन्मापासून बिनबोभाट केलं. तेव्हा कोणी दखल घेतली नाही, त्याचं काही वाटत नाही. दुखायला लागल्यावरही घेतली नाही, याचा राग आहे.

तनुजा पाचोड गावची. लग्न होऊन शहरात पुंडलिकनगरला आली, शहागंजात साडीच्या दुकानात नोकरीला लागली. तिला सारखं तोंड यायचं. घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. सासू सारजाबाई म्हणायच्या, "पित्त आहे. तिखट कमी खा." मग डोळे लाल झाले, तर मोबाईलला दोष दिला.

एक दिवस मलाच आतून सूज आली आणि रक्ताची गाठ बसली. पाय खांबासारखा झाला.

"कामाच्या टायमालाच कसा गं दुखतो तुझा पाय?" सारजाबाई म्हणाल्या. नवरा कृष्णा समोरच टीव्ही बघत होता. त्यानं रिमोट उचलून आवाज वाढवला. मला त्याचा जास्त राग आला.

पहिल्या डॉक्टरांनी दुकानात उभं राहून झालं असेल म्हणत रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या. तोंडाचं त्यांनी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. गोळ्या चालू असतानाच मी पुन्हा तुंबले. मग त्यांनी तिला संधिवाताच्या डॉक्टर मनस्विनींकडं पाठवलं.

"तोंड येतं का?" त्यांनी विचारलं.

"व्हय, लई वर्षं झाली. पण ते पित्तानं."

"पित्तानं नाही. तोंड, डोळे, पाय, सगळा एकच आजार आहे. बेहसेट म्हणतात. शरीर स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उठतं. नुसतं रक्त पातळ करून भागत नाही, आतली सूज थांबवावी लागते."

तनुजा रडली नाही. आपण नाटक करत नव्हतो, एवढंच तिला कळलं.

औषधांनी सूज उतरली आणि कृष्णाला कंठ फुटला. "आता बरी आहेस ना? बंद कर गोळ्या. आई म्हणती, मूल व्हायला अडचण येईल."

"मुलाचं मी डॉक्टरला विचारीन," तनुजा म्हणाली. "पाय सुजला तेव्हा तुम्ही गप होते. आताही गपच बसा."

मी आता अर्धी बुजलेय. रक्त खाली उतरू न देणाऱ्या आतल्या झडपा गेल्या, त्या परत येणार नाहीत; फार वेळ उभं राहिलं की पाय सुजतो. तुमच्या घरात कोणी पाय दुखतो म्हणालं, तर आणखी काय दुखतं तेवढं विचारा.

परवा नणंदेच्या साखरपुड्यात बायका वाढायला उठल्या. तनुजानं खुर्ची ओढली, दुसरीवर पाय ठेवला. सारजाबाईंनी सगळ्यांदेखत डोळे वटारले. तनुजानं पाय खाली घेतला नाही.