फ्यूज टिकला

नवरीला चर्चला निघायची वेळ झाली आणि फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या बर्तोची जुनी गाडी सुरूच होईना. किल्ली फिरवली की नवा घातलेला फ्यूजही जळायचा.

"बाबा, मी ट्रायसिकल-रिक्षाने जाते. पाद्री थांबायचे नाहीत," लेक मारिव्हिक म्हणाली.

"गप गं! माझी लेक याच गाडीतून उतरणार."

त्या फ्यूजवरून निघणाऱ्या वायरी त्याने एकेक करून सोडवल्या आणि दर वेळी नवा फ्यूज घालून किल्ली फिरवून पाहिली. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची वायर सोडवली आणि फ्यूज टिकला. मागची सीट उचलली, तर तीच वायर पत्र्याखाली चेपून सोललेली! बर्तोने तिला टेप गुंडाळली, बाजूने नेली, पुन्हा जोडली आणि किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं. मारिव्हिक झगा सावरायचा विसरून टाळ्या पिटू लागली. चर्चपर्यंत बर्तोने हॉर्नवरचा हात काही काढला नाही.