कागदावरचं नाव

माझ्या लेकीच्या, बोरामच्या परीक्षेला तो दिवस धरून शंभर दिवस उरले, त्या पहाटेपासून मी विहारात रोज एकशे आठ दंडवत घालू लागले. देगूतल्या बारावीच्या मुलांच्या आया हे करतातच, त्यात माझं विशेष काही नाही. मेणबत्तीखाली प्रत्येकीने एक कागद ठेवायचा. त्यावर मुलाचं नाव आणि हवं ते विद्यापीठ.

बोरामला हवं होतं देशातलं पहिलं, सोलच्या डोंगराखालचं. मी मात्र तिला न विचारता सोलमधलंच दुसरं, जरा हाती लागण्यासारखं नाव लिहिलं. बुद्धापुढे तरी झेपेल तेवढंच मागावं, असं मला वाटे. त्या दुसऱ्या विद्यापीठात तिने शरद ऋतूतच अर्ज केला होता. त्यांची निबंधाची परीक्षा देशभराच्या मोठ्या परीक्षेनंतर दोनच दिवसांनी, शनिवारी होती. तिथे निवड झाली की मात्र तिथेच जावं लागतं. त्या वर्षी बाकीची दारं बंद.

गुरुवारी, माझ्या व्रताच्या शंभराव्या दिवशी, मोठी परीक्षा झाली. संध्याकाळी बोरामने प्रवेशपत्रामागे उतरवून आणलेली उत्तरं जाहीर झालेल्या उत्तरांशी ताडून पाहिली. सगळ्या विषयांत मिळून पाच चुकली होती. पण गणिताची शेवटची काही उत्तरं घाईत उतरवायची राहिली होती, ती तिने आठवून धरली होती. तिच्या शाळेतल्या बे सरांना फोन केला तर ते म्हणाले, आठवणीवर एवढी मोठी उडी घेऊ नये, शनिवारी जाऊन यावं.

बोराम म्हणाली, "मी शनिवारी जाणार नाही."

मी म्हटलं, गाडीची दोन तिकिटं काढलीत, जाऊन तर ये.

"आणि तिथे पास झाले तर? मग मला हवं तिथे अर्जसुद्धा करता येणार नाही." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आई, तू कागदावर काय लिहिलंयस?"

व्रतात खोटं बोलायचं नसतं. मी सांगितलं.

मला वाटलं चिडेल. ती हसली. "म्हणजे शंभर दिवस गुडघे झिजवलेस, ते मलाच अडवायला?"

पोरीवर माझा विश्वास नव्हता आणि त्यालाच मी नम्रता म्हणत आले होते.

शनिवारी ती झोपली होती. पहाटे भरून ठेवलेला डबा ओट्यावर तसाच होता. तिकिटं खिशात घेऊन मी विहारात गेले आणि भिक्षुणींकडे कोरा कागद मागितला. व्रत तर संपलं ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाव चुकलं होतं, पुन्हा पहिल्यापासून घालते. त्यांनी जुना कागद काढून माझ्या हातात दिला.

शेजारच्या आसनावर क्युहोची आई होती. तिचा मुलगा पुढच्या वर्षी बारावीला जाणार. तिला सगळं आधीच कळलं होतं. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलात हो," ती म्हणाली. मी पहिला दंडवत घातला.

डिसेंबरात गुणपत्रक आलं. बोरामचा हिशेब चुकला होता: चुकलं म्हणून धरलेलं गणिताचं एक उत्तर बरोबर निघालं. तिने हव्या तिथेच अर्ज केला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, माझ्या दुसऱ्या व्रताच्या एकोणऐंशीव्या दिवशी, निकाल लागला. फोन तिने माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वाच, तुझ्या नव्या कागदावरचंच आहे." तिचं नाव होतं, खाली 'निवड'. मी दोनदा वाचलं, मग तिलाच मोठ्याने वाचायला लावलं.

दुसऱ्या दिवशी क्युहोची आई वाट पाहत उभी होती. गुडघ्यांच्या खळग्या पडलेलं माझं आसन तिला शुभ म्हणून हवं होतं. मी दिलं. ते बगलेत धरून तिने विचारलं, "आणि कागदावर काय लिहू?"

"क्युहोला विचारा."

"तो म्हणेल, आचारी व्हायचंय."

"मग तेच लिहा."

निकाल लागला तरी आज धरून माझे एकवीस दिवस उरले होते. मी कोपऱ्यातलं नवं आसन ओढलं.