झेंडी पडायच्या आधी

अपेक्षाच्या घरात एक नियम होता. चार वर्षांची रितिका जिना चढत असली की तिला कोणी हाक मारायची नाही. हाक मारली की पोर मागे वळते, आणि वळली की पाय सुटतो. सासूबाई हा नियम दिवसातून दोनदा मोडत आणि अपेक्षा दोनदा कातावत असे.

"आई, ती पायरीवर आहे नं! काहून बोलता तिच्याशी?"

"तुह्यासारखी माय असली तं पोरगी सपाट जमिनीवर चालाले बी भेईन," सुभद्राबाई हसत म्हणायच्या.

असा नियम करणाऱ्या बाईने कन्हानजवळच्या शंकरपटात जे केलं, ते पुढचे आठ दिवस तिला कोणाजवळ बोलता आलं नाही.

लकडगंजात एका लाकडाच्या वखारीवर दुर्गेशचं बातम्यांचं यूट्यूब चॅनल होतं. मास कॉमची पदवी घेऊन पोरीच्या पायी तीन वर्षं घरी बसलेल्या अपेक्षाला तिथे नुकतंच काम लागलं होतं. त्या शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, पाठवताना दुर्गेशने बजावलं, "मॅडम, जिंकल्यावर तं सगळेच बोलतात. मले जोडी सुटायच्या आधीचा धुरकरी पाहिजे. त्याच्या तोंडावरची धडधड पाहिजे."

धुरकरी म्हणजे जोडी हाकणारा. त्या दिवशी बोलबाला होता अंकुशचा. खापरखेड्याकडचा पंचविशीतला पोरगा, अंगाने चिपाड. जोडी त्याची नव्हती, देवाजी नावाच्या शेतकऱ्याची होती. पण पाखऱ्या आणि बिजल्या या बैलांना गोऱ्हे असल्यापासून पळायला शिकवलं ते अंकुशनेच.

शेवटची फेरी होती; झेंडी पडली की जोडी सोडायची. चार गडी कासरे धरून बैल थोपवत होते. अंकुश छकड्याशेजारी पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवून गप्प उभा होता. अपेक्षा दोराखालून वाकून आत गेली. जाताना तिने बैलांपासूनचं अंतर पाहिलं, पळायची वेळ आलीच तर वाट कुठे हेही पाहिलं. स्वतःपुरतं सगळं पाहिलं.

फेटा बांधलेला एक म्हातारा आडवा आला. "बाई, आता नाई. झेंडीच्या आधी धुरकऱ्यासंग बोलत नसते."

तिला वाटलं, बाई आहे म्हणून हटकतोय. बाईचा पाय पडला की यांचे बैल बाटत असतील. तिची कानशिलं तापली. "एकच मिनिट, काका," ती मुद्दाम जोरात म्हणाली आणि मोबाईल उभा करून माइक पुढे धरला.

अंकुश लाजाळू. "तयारी कशी आहे?" "बरी हाय." "भीती वाटते?" "नाई." असं पुचाट फुटेज घेऊन वखारीच्या पायऱ्या चढायचं तिच्या जिवावर आलं.

"दादा, तुमची जोडी म्हणे तुमच्या आवाजावरच सुटते. एकदा आवाज देऊन दाखवा नं आमच्या प्रेक्षकांना!"

अंकुश पहिल्यांदा हसला. जन्मात कोणी त्याच्यापुढे माइक धरला नव्हता. "आता? हळूच देऊ?"

"हळू कशाला? द्या दणकून!"

त्याने माइककडे तोंड केलं आणि दिला. "हुर्रर्र ह्या!"

बैलांना माइक काय कळतो? गड्यांच्या हातातून कासरे सुटले. रिकामा छकडा उड्या मारत गेला आणि पल्ल्याच्या टोकाला उलटला. माणूस कोणी सापडलं नाही, पण पाखऱ्याचा पुढचा गुडघा सोलून निघाला. भोंग्यावरून पंचांनी जोडी बाद केली.

देवाजी धावत आला. "आवाज कुठं द्यावा एवढं बी समजत नाई तुले? उद्यापासून माह्या गोठ्यात पाय ठेवू नको!"

अंकुश मान खाली घालून उभा राहिला. त्याने अपेक्षाकडे बोट दाखवलं नाही. आणि अपेक्षाने? तिने माइक ओढणीखाली घेतला होता.

संध्याकाळी दुर्गेशने बावीस सेकंदांचा तुकडा टाकला. अंकुश हसतो, ओरडतो, बैल उधळतात. तिचा प्रश्न त्यात नव्हताच. "तुमचा आवाज काढून टाकला, मॅडम. उगीच तुमच्यावर यायचं." अपेक्षा म्हणाली, "थँक्यू." हा शब्द नंतर तिला अंघोळ करताना, पोळ्या लाटताना, कुठेही आठवायचा आणि अंगावर काटा यायचा.

दोन दिवसांत चार लाख लोकांनी ते पाहिलं. दुर्गेशने समोसे मागवले. खाली लोक लिहीत होते, ढोसून आला होता, कॅमेरा दिसला तं येडा झाला. अपेक्षाने एकूण एक वाचलं. तिच्याबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं, आणि दर वेळी ते पाहून तिला हायसं वाटत होतं. त्या हायसं वाटण्याचीच तिला जास्त लाज वाटली.

घरीही तेच. "कसा बावळट पोरगा वं," सुभद्राबाई फोन डोळ्यांशी धरून म्हणाल्या, "झेंडीच्या आधी कोन ओरडते?" आणि रितिकाने तिसऱ्या पायरीवर उभं राहून आरोळी दिली, "हुर्रर्र ह्या!"

सगळे हसले. "रितू, पायरीवर..." एवढं बोलून अपेक्षा थांबली.

आठव्या दिवशी ती देवाजीच्या गोठ्यात गेली. तो पाखऱ्याच्या गुडघ्याला हळद लावत होता. तिने अख्खा व्हिडिओ लावून फोन त्याच्या हातात दिला.

"हा आवाज तुमचा?"

"हो."

"अन् दणकून द्या, हे बी तुमीच?"

"हो."

देवाजीने व्हिडिओ पुन्हा लावला. "मी त्याले इचारलं होतं, कोनं ओरडाले लावलं? म्हने कोनीच नाई, माह्याच तोंडून गेलं." त्याने फोन परत केला. "मंग आठ दिवस तुमी कुठं होत्या, बाई?"

नोकरी, लहान पोर, दुर्गेशभाऊ, अशी उत्तरं ती वाटेत घोकत आली होती. तिने खाली ठेवलेली हळदीची वाटी त्याच्याकडे सरकवली.

"मले एकट्याले दाखवून काय होते? पोराले गाव हासून राह्यलं."

तिथेच, कडब्याच्या पेंढीवर बसून, तिने अख्खा व्हिडिओ स्वतःच्या नावाने टाकला. वर लिहिलं, 'ओरडायला मी लावलं होतं.' घरी पोहोचायच्या आत दुर्गेशचा फोन आला. उद्यापासून यायची गरज नव्हती.

महिन्याने दुसऱ्या गावच्या पटात देवाजीची जोडी उतरली, आणि धुरकरी अंकुशच होता. अपेक्षा रितिकाला घेऊन गेली. माफीचं वाक्य तिने मनात शंभरदा घासूनपुसून ठेवलं होतं. गर्दीतून वाट काढत ती पोहोचली तेव्हा बैल आधीच रेषेवर आले होते. अंकुश हाताच्या अंतरावर होता. मध्ये फक्त दोर.

त्याची नजर तिच्यावरून गेली. ओळखलं की नाही, कळलं नाही.

"मम्मी, तो हुर्रर्रवाला का..."

अपेक्षा खाली बसली आणि तिने पोरीच्या तोंडावर हात ठेवला. झेंडी अजून पडायची होती. ती दोराच्या बाहेर, माफीचं वाक्य तसंच धरून, बसून राहिली.