ज्याचा बोळा त्याने काढायचा

दुकानांच्या त्या इमारतीचा मॅनेजर तसा शहाणा माणूस. पाणी तुंबल्यावर बोंबलत बोलावणारे ढिगाने मिळतात. आधीच गटारं साफ करून घेणारा विरळाच. बाकीच्यांचं काय, तहान लागली की विहीर खणायची! हा मात्र दरवर्षी उन्हाळा सरायच्या आत दोघा भावांना बोलवायचा. थोरला दादा, आणि दुसरा धाकटा. त्याला सगळे धाकटाच म्हणायचे, डोक्यावरचे केस विरळ झाले तरी.

त्यांची मोठी बहीण, अक्का, त्याच इमारतीच्या तळघरात कपडे दुरुस्त करायची. चेन बदल, पँट आखूड कर, कुणाचं पोट सुटलं की कंबर ढिली कर. ते दुकान घेताना ती बिचकली होती. "तळघर आहे रे. पाणी शिरलं तर?" तेव्हा दादा म्हणाला होता, "आम्ही दोघं आहोत तोवर तुझ्या उंबऱ्याला थेंब लागायचा नाही." आई लवकर गेली, या दोघांना अक्कानेच वाढवलं, त्यामुळे हा शब्द काही तोंडदेखला नव्हता.

इमारतीवर पडलेलं सगळं पाणी मागच्या आवारातल्या चेंबरमध्ये जमायचं आणि तिथून एका पाइपातून भिंतीपलीकडे, रस्त्याकडच्या खोल चेंबरमध्ये पडायचं. साफसफाईला हात घातला की आधी आवारातल्या बाजूने त्या पाइपाच्या तोंडात बोळा मारायचा. बोळा म्हणजे चिंध्या आणि वाळू ठासून भरलेलं पोतं, त्याला दोर, दोराच्या टोकाला लाल फडकं. म्हणजे वरचा गाळ खाली जात नाही, आणि रस्त्याकडून उतरून पाइप खरवडणाऱ्याच्या अंगावर वरचं पाणी येत नाही. त्यांच्या वडिलांनी दोन नियम घालून दिले होते. ज्याने बोळा मारला त्यानेच तो काढायचा. आणि काढण्याआधी लोखंडी आकड्याने पाइपावर ठोकायचं नि थांबायचं. खालून उलटा ठोका आला तर आत माणूस आहे, दोराला हात लावायचा नाही. ठोका आला नाही तर आत कोणी नाही, खुशाल ओढ.

यंदा बोळा धाकट्याने मारला होता. गाळही त्यानेच उपसला, पण कंटाळा करून जाळीच्या काठालाच त्याचा ढीग घातला. दादाने ते पाहिलं आणि त्याचं टाळकं सटकलं. आजूबाजूला दुकानदार चहा पीत उभे होते, त्यांच्यादेखत ओरडला, "अरे, गटारातला गाळ काढून गटाराच्याच तोंडाशी ठेवतोस? पहिल्या सरीला परत आत! डोकं आहे का खोकं?" लोक फिदीफिदी हसले. त्यांना काय, फुकटचा तमाशा. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने फावडं फेकलं, "कर मग तूच सगळं," म्हणाला आणि तरातरा निघून गेला.

दादाने ढीग उचलला, जाळ्या घासल्या, बोळ्याचा चेंबर सोडून बाकीची झाकणं बसवली. बोळ्याला मात्र हात लावला नाही. अक्काने विचारलं तर म्हणाला, "त्याचा आहे, तो काढेल. येईल झक मारत. आला की बोलू." हट्टी माणसाची समेट करायची रीत ही अशी असते! तोंडाने ये म्हणायचं नाही, त्याने यावं म्हणून काम तेवढं अडवून ठेवायचं.

अक्काने निरोप पोचवला. धाकटा म्हणाला, "आधी त्याला फोन करायला सांग. चारचौघांत बोलला ना? मग एकदा नीट बोलू दे."

"तुमच्या दोघांच्या अकडीत माझं दुकान बुडेल रे मेल्यांनो!"

"अगं, आभाळात ढग तरी आहे का? पावसाला अजून अवकाश आहे." खरं म्हणजे रोज सकाळी त्याला तो बोळा आठवायचा. रोज वाटायचं, जावं, ओढावा, दादाच्या हातचा चहा प्यावा. आणि रोज ती हसणारी तोंडं डोळ्यांपुढे यायची नि पाय अडायचा.

पावसाने त्यांचं भांडण मिटायची वाट पाहिली नाही. एका दुपारी, धाकटा दुसरीकडे एका गोदामात जाळी बसवत असताना, अंधारून आलं आणि पत्र्यावर असा मारा सुरू झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. खिशातला फोन थरथरला. दादा. धाकट्याच्या मनात आधी काय आलं असेल? बोळा नाही, अक्का नाही. आला ना शेवटी फोन, हे आलं. वाजू दे आता थोडा, आपणही वाट पाहिलीच आहे. फोन पुन्हा वाजला, पुन्हा त्याने वाजू दिला.

त्यानंतरचा फोन इमारतीच्या वॉचमनचा होता. "लवकर या! मागचं आवार भरलंय, उतारावरून सगळं तळघरात चाललंय. तुमच्या बहिणीने पाणी अडवायला शटर खाली ओढलं, आता ते उघडतच नाहीये. बाई आत आहेत!"

धाकटा कसा पोचला ते त्याचं त्यालाच ठाऊक. आवारात मांडीभर पाणी. तळघराच्या उतारावर दोनचार दुकानदार शटरला पहार लावून झटत होते आणि आतून अक्काचा आवाज येत होता. ती काय ओरडतेय ते पावसात कळत नव्हतं. पाण्यावर लाल फडकं तरंगत होतं. त्याने ते पकडलं, दोर हाताला गुंडाळला. कमरेचा आकडा सवयीनेच काढला, पाण्यात वाकून पाइपावर ठोकायला हात नेला आणि थांबला. ठोकायचं, मग उत्तराची वाट पाहायची. कुणाच्या उत्तराची? हा पाइप कुठे उघडतो हे दोघांनाच माहीत. एक इथे उभा आहे, दुसरा बसला असेल घरी रुसून. आत बहीण बुडतेय आणि हे ठोके काय देत बसायचे!

"धरा माझ्यामागे!" आकडा परत कमरेला खोचत तो वॉचमनवर ओरडला. दोघांनी पाय रोवून दोर ओढला.

एवढ्या पाण्याखालचा बोळा निघता निघत नाही, धाकट्याने मनाची तयारी केली होती. पण तो पहिल्याच हिसक्याला निघाला, इतका अलगद की दोघेही पाण्यात बसले. पाइपाने मोठ्ठा घोट घेतला, भोवरा फिरला आणि आवारातलं पाणी डोळ्यांदेखत उतरायला लागलं. वॉचमन आनंदाने किंचाळला. तळघराच्या उतारावरचा लोंढाही तुटला, पहारीला जोर आला, शटर वर गेलं. लोकांनी अक्काला धरून वर आणलं, गळ्यापर्यंत भिजलेली, हातात अजून कुणाची तरी पँट.

धाकटा हसत होता, रडत होता. हातातल्या पोत्याकडे त्याचं लक्ष गेलं ते उगाचच. पोतं हलकं झालं होतं. खालच्या अंगाला, पाइपात जी बाजू होती तिथे, एक ताजं भोक होतं. सळईचं. वाळू त्यातून अजून गळत होती.

अक्का धापा टाकत त्याच्यापाशी आली. "दादा कुठाय?"

"घरी असेल. का?"

"घरी कुठला? मी आधी त्यालाच फोन केला. म्हणाला, एवढ्या पाण्यात बोळा वरून एकट्याला ओढवणार नाही, रस्त्याकडून उतरून सळईने फोडतो. तुला सांगायला फोन करतो म्हणाला. केला नाही का?"

धाकट्याने हातातलं पोतं टाकलं. तो भिंतीला वळसा घालून पळाला. रस्त्याकडच्या चेंबरचं झाकण बाजूला सरकवलेलं होतं आणि कडेला, वाहून जाऊ नयेत म्हणून दगडाखाली दाबून, दादाच्या चपला ठेवल्या होत्या. आत काठोकाठ पाणी होतं. पाइपातून येणारं आवाराचं सगळं पाणी तिथे घुसळत होतं आणि पुढच्या मोठ्या गटारात ओढलं जात होतं. लोक गोळा झाले, कुणी दोर आणा म्हणालं, कुणी अग्निशमनवाल्यांना फोन लावला. धाकट्याला आत उडी मारायची होती, त्याला चौघांनी आवळून धरलं.

मग त्याने धडपड सोडली. गुडघ्यावर बसला, कमरेचा आकडा काढला आणि चेंबरच्या लोखंडी पायरीवर ठोकलं. कान लावून थांबला. पुन्हा ठोकलं, पुन्हा थांबला. खालून काही आलं नाही.

"आत कोणी नाही," तो अक्काला म्हणाला. "बघ ना. ठोका नाही आला. आला नाही म्हणजे आत कोणी नसतं."

अक्का त्याच्याशेजारी चिखलात बसली. तो ठोकत राहिला. शेवटी तिनेच त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि आकडा काढून घेतला.