शेवटचा थेंब

१९८४ साली पद्मजा अमेरिकेत श्रूजबरीजवळच्या एका व्हिनेगरच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत लागली. महिनाभर काम बघतो, मग ठेवायचं की नाही ते ठरवतो, असं वॉल्टरसाहेबांनी बजावलेलं. नवऱ्याची नोकरी नुकतीच गेलेली, म्हणजे घर तिच्यावरच.

व्हिनेगर पिपेटने मोजून घ्यायचं, वरून अल्कली थेंबाथेंबाने सोडायची, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. किती अल्कली लागली त्यावरून आम्ल किती ते कळतं. पद्मजाचा हात असा, की रंग कधी म्हणून गडद झाला नाही. पण आम्ल हवं पाच टक्के, आणि तिचं प्रत्येक वेळी चार पॉइंट नऊ. तिच्या आकड्यापायी अख्खी टाकी अडली.

"माझ्यासमोर कर बघू एकदा," सुजाताताई म्हणाल्या. त्या तिथल्या सीनिअर केमिस्ट, मूळच्या नागपूरच्या. हाताची घडी घालून गप्प उभ्या राहिल्या. पद्मजाने पिपेट रिकामी केली, टोक काचेला टेकवलं.

"आणि तो टोकातला थेंब?"

"तो राहू द्यायचा ना? फुंकला तर आमच्या बाई मार्क कापायच्या."

"आमचे सर तर हातावर पट्टी मारायचे!" सुजाताताईंना हसू आवरेना. "अगं, वर बघ. दोन रेघा आहेत. ही फुंकायची पिपेट, हिच्यात शेवटचा थेंबही मापात धरलेला असतो. आपल्या कॉलेजात कुठे होती ही? मीही अशीच फसले होते."

रबरी फुगा दाबून पद्मजाने थेंब खाली पाडला. आकडा आला बरोबर पाच.

"ताई, साहेबांना तुम्हीच सांगा ना, प्लीज."

"चूक तुझी, तूच सांग. मी दाराशी उभी राहते."

वॉल्टरसाहेबांनी ऐकून घेतलं आणि तिचे जुने आकडे काढले. "सगळे चार पॉइंट नऊ? एकही इकडेतिकडे नाही?"

"नाही, सर."

"मग राहा तू. चूकसुद्धा इतकी एकसारखी करणारा हात मला दुसरा कुठे मिळणार?"

पुढे वॉल्टरसाहेब निवृत्त होऊन समुद्राकाठी मासे पकडत बसले. सुजाताताई प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या. म्हातारपणी नागपूरला परतून वस्तीतल्या मुलींना विहारात रसायनशास्त्र शिकवू लागल्या. नवऱ्याला फ्रीमाँटला काम मिळालं तशी पद्मजा तिकडे गेली आणि तिथल्या कॉलेजात शिकवू लागली. नव्या मुलांच्या हाती पिपेट दिली, की ती आधी विचारायची, "रेघा किती?" आणि मग सुजाताताईंसारखी हाताची घडी घालून गप्प उभी राहायची.